एका ‘च’ची बैठक

डुलुथ. फेब्रुवारी. सरोवर काठापासून आत मैलभर गोठलेलं.
हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावर तेरा माणसं,
ज्याने त्याने आपल्या खिशातून तिकीट काढून आलेली.
कुणी कारखान्याचा, कुणी विमा कंपनीचा,
एक प्राध्यापक, सारखा चष्मा पुसणारा,
आणि एलायफलेट बर्जेस, बॉयलर तपासनीस,
ज्याच्या डाव्या कानात चार वर्षं
एकच शिट्टी वाजते आहे.

टेबलावर मसुदा. कलम सात, पोटकलम ब:
‘बॉयलर आणि सुरक्षा झडप
यांच्यामध्ये तोटी नसावी.’

बर्जेस म्हणाला, हे वाक्य मला चालणार नाही.

मराठीत सांगायचं तर भांडण एका ‘च’चं होतं.
नसावी, की असताच कामा नये.
त्यांच्या भाषेत त्यासाठी निराळा शब्द आहे,
आपल्याकडे एक अक्षर,
‘जेवूनच जा’ म्हणताना आपण फुकट वाटतो ते.
इथे त्याची किंमत ठरवायला
दोन दिवस आणि एक उपसमिती लागली.

कारखान्याचा टॉलेफसन माणूस वाईट नव्हता.
म्हणाला, जुने बॉयलर आहेत शेकड्यांनी,
सगळ्यांवर तोटी आहे, दुरुस्तीला सोयीची.
‘नसावी’ म्हटलं की शहाण्याला पुरतं.
प्राध्यापकाने आकडे वाचले. कुणीतरी सँडविच मागवली.
खिडकीखालचा रेडिएटर ठणठण वाजत होता,
चर्चेत मत मांडल्यासारखा.

मग बर्जेसने कोटाच्या खिशातून
पितळेची एक तोटी काढली आणि मसुद्यावर ठेवली.
भाषण नाही केलं. त्याला ते येत नसे.
एवढंच म्हणाला, ही एका धोबीखान्यातली.
झडप फार फुसफुसते, गिऱ्हाइकं चिडतात,
म्हणून मालकाच्या पुतण्याने बंद केली. तोही शहाणाच होता.
इस्त्रीवर अकरा बायका होत्या.

तोटी बंद होती. अजूनही.
कुणी हात लावला नाही. टॉलेफसनने लावला,
फिरवून पाहिली, फिरली नाही.

मतदान: नऊ विरुद्ध चार.
टॉलेफसनचं मत विरोधातच पडलं,
पण इतिवृत्तात त्याने स्वतः सुचवलेली दुरुस्ती आहे:
‘तोटी’च्या पुढे ‘किंवा अन्य कोणताही अडथळा’.
कारण पुतणे हुशार असतात, म्हणाला,
तोटी नाही मिळाली तर लाकडाची खुंटी ठोकतील.

पुस्तक छापून आलं तेव्हा त्यात कुणाचंच नाव नव्हतं.
बर्जेसने एक प्रत विकत घेतली, पूर्ण किमतीला,
पोटकलम ब काढलं, वाचलं,
आणि पुढच्या पानावरची छपाईची चूक
पेन्सिलीने दुरुस्त करून पत्र पाठवलं.

हॉटेलच्या तळघरात वाइनो लाहती कोळसा ओढायचा.
वर कोण भेटतं, कशावर भांडतं, त्याला ठाऊक नव्हतं;
थंडीच्या दिवसांत वरच्यांना ऊब हवी, एवढंच ठाऊक.
सहा वर्षांनी जुना बॉयलर भंगारात गेला, नवा आला,
कपाळावर समितीचा ठसा घेऊन.

पहिल्याच आठवड्यात, पहाटे चारला,
झडप उघडली आणि फुसफुसायला लागली.
इतका कोळसा, इतकी वाफ, सगळी वाया.
वाइनोचा हात सवयीने वर गेला,
जिथे जुन्यावर तोटी असायची तिथे.

नुसता पाइप. गुळगुळीत. गरम.

त्याने हात झटकला, फिनिशमध्ये एक शिवी दिली,
कुणाला ते त्यालाही माहीत नव्हतं,
भट्टीचं दार ओढून घेतलं
आणि बोटावर फुंकर घालत
कॉफी ठेवायला गेला.